सारखा वाटा, रास्त वाटा

दरवर्षी २८ सप्टेंबरला नागपुरात कुठल्या ना कुठल्या चौकात एका कागदाची होळी होते. वेगळ्या विदर्भासाठी झटणारे कार्यकर्ते जमतात, घोषणा देतात आणि नागपूर कराराच्या प्रती पेटवतात. १९५३ साली याच तारखेला तो करार झाला. पश्चिम महाराष्ट्राकडून भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण, विदर्भाकडून रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर अशा पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. मसुदा छोटासाच आहे. मराठी भाषकांचं एकच राज्य व्हावं, उच्च न्यायालयाचं एक पीठ नागपुरात असावं, विधिमंडळाचं वर्षाकाठी एक तरी अधिवेशन इथे भरावं, नोकऱ्यांत आणि शिक्षणाच्या जागांत प्रत्येक विभागाला वाटा मिळावा. आणि पैसा? तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा.

तीन वर्षांनी, संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ चा दुसरा खंड लिहिला गेला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमण्याची आणि विकासाच्या निधीचं वाटप पाहण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद त्यात आली. या खंडात लोकसंख्येचं प्रमाण कुठेच नाही. तिथे शब्द आहे ‘इक्विटेबल’. मराठीत त्याला आता ‘समन्यायी’ म्हणायची रीत पडली आहे.

मी इंग्रजी शिकवते. ‘ईक्वल’ आणि ‘इक्विटेबल’ हे दोन शब्द अभ्यासक्रमात शेजारी शेजारी येतात, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं हमखास विचारतात, “मॅडम, दोन्हींचा अर्थ एकच ना?” एखाद्या दुसऱ्या शहरात मी शब्दकोश उघडून उत्तर दिलं असतं. नागपुरात तेवढ्याने भागत नाही. या दोन शब्दांमधल्या अंतरात या शहराचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास आहे. इथली धरणं, इथले रस्ते, इथले मोर्चे आणि इथला राग, सगळं त्या अंतरातून आलं आहे.

मूळ दोन्हींचं एकच. लॅटिनमधला ‘एक्वुस’ म्हणजे सपाट, समतल. आणि त्यावरूनच पुढे न्यायी, रास्त. जमिनीला उंचसखलपणा नसला की ती ‘एक्वुस’, आणि माणसाच्या मनाचा कल कुणा एकाकडे नसला की तोही ‘एक्वुस’. इंग्रजीत येताना या एका घराची दोन बिऱ्हाडं झाली. ‘ईक्वल’ने सपाटपणा घेतला. त्याला माप लागतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मोजल्या की उत्तर मिळतं. ‘इक्विटी’ने रास्तपणा घेतला. तिला मापाबरोबर आणखीही काही लागतं. कुणाला, कशासाठी, कोणत्या परिस्थितीत, हे सगळं विचारल्याशिवाय तिचं उत्तर येत नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात हा फरक गवंड्यांच्या एका अवजारावरून समजावला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी ओबडधोबड दगड बांधकामात बसवताना शिशाची पट्टी वापरत. शिसं मऊ, त्यामुळे पट्टी दगडाच्या अंगावर टेकवली की त्याच्या आकाराप्रमाणे वाकायची. कायदा सगळ्यांसाठी एक म्हणून लिहिलेला असतो आणि तो तसाच लिहावा लागतो. पण माणसांचे प्रसंग दगडांसारखे वेगवेगळ्या आकाराचे येतात. तिथे न्याय व्हायचा तर मापाला दगडाचा आकार ओळखता आला पाहिजे. मात्र वाकली तरी ती पट्टी मोजण्याचीच राहते, हे विसरायचं नाही.

इंग्लंडमध्ये या कल्पनेचं वेगळं न्यायालयच उभं राहिलं. राजाच्या नेहमीच्या न्यायालयांत कायद्याच्या अक्षरावर निकाल लागे. एखाद्याने मित्राच्या मुलांसाठी म्हणून जमीन स्वतःच्या नावावर ठेवून घेतली आणि नंतर शब्द फिरवला, तर कागद त्याच्या बाजूने आणि मुलं उघड्यावर. अशी गाऱ्हाणी चॅन्सेलरकडे जाऊ लागली, आणि तो सदसद्विवेकबुद्धीला स्मरून निवाडा देऊ लागला. त्या निवाड्यांच्या परंपरेलाच ‘इक्विटी’ हे नाव पडलं. पुढे १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी तिथली दोन्ही प्रकारची न्यायालयं एकत्र आणली.

त्याच १८७५ साली हा शब्द रीतसर नागपूरच्या कचेरीत शिरला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. या प्रांतासाठी १८७५ मध्ये जो कायदा झाला, त्यात न्यायाधीशांना सांगितलं होतं की जिथे दुसरा कुठलाही कायदा लागू होत नाही, तिथे न्याय, इक्विटी आणि सद्बुद्धी यांना धरून निकाल द्यावा. म्हणजे संविधानात येण्याच्या ऐंशी वर्षं आधीपासून हा शब्द इथल्या वकिलांच्या तोंडी होता. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या घुमटाखाली जमिनीच्या, वारशाच्या, मालगुजारीच्या वादांत तो उच्चारला गेला असेल. १९३६ पासून १९५६ पर्यंत नागपूरला स्वतःचं उच्च न्यायालय होतं आणि त्याचे अखेरचे मुख्य न्यायमूर्ती होते मोहम्मद हिदायतुल्ला, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

पण ‘इक्विटी’ म्हणजे काय हे मला कळलं ते कायद्याच्या पुस्तकात नाही, आईच्या माहेरी. काटोल तालुक्यात तिच्या वडिलांचं वावर होतं, बारा एकरांचं. आबाजी गेल्यानंतर दोन्ही मामांची वाटणी ठरली. मी तेव्हा शाळेत होते. पटवारी आले, साखळी पडली, मधोमध नवा धुरा आखला गेला. सहा एकर इकडे, सहा एकर तिकडे. पश्चिमेच्या तुकड्यात विहीर होती, आणि विहिरीच्या जोरावर धरलेला संत्र्याचा बगीचा होता. जमीन काळी, भुसभुशीत, आंबिया बहार पेलणारी. पूर्वेचा तुकडा नाल्याकडे उतरणारा, बरड; पावसाने दगा दिला की त्यात तूरसुद्धा धरत नसे. पंच म्हणून गावातले एक जाणते म्हातारे बोलावले होते. ते बांधावर बसून सगळं पाहत होते. मोजणी झाली, कुणी कागदावर सही मागितली, तेव्हा ते उठले, पूर्वेच्या तुकड्यातला मुरमाड ढेकूळ उचलून त्यांनी बोटांनी कुस्करला आणि म्हणाले, “आराजी बरोबर आहे, पन वाटनी बरोबर नाई.”

एकच शब्द दोनदा, आणि दोन वेगळ्या अर्थांनी. ‘बरोबर’ म्हणजे सारखं, आणि ‘बरोबर’ म्हणजे रास्तही. फारसीतून आलेला हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्या पोटात दोन न्याय शेजारी नांदतात हे ध्यानात येत नाही. त्या म्हाताऱ्यांच्या मात्र ध्यानात होतं. मग पुन्हा बोलणी झाली. बगीच्याकडचा हिस्सा पाच एकर, बरडाकडचा सात एकर, आणि बरडवाल्याची स्वतःची विहीर होईपर्यंत जुन्या विहिरीवर त्याची पाण्याची पाळी. धुरा सरकला. धाकट्या मामांचा चेहरा निवळला आणि थोरल्यांनीही मान हलवली, कारण ओलिताचं एक एकर काय देतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

यानंतर त्या म्हाताऱ्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. पाच आणि सात एवढंच लिहून कागद पुरा होत होता. त्यांनी तो होऊ दिला नाही. “काऊन पाच आन् काऊन सात, थे लिहा. नाई त नातू म्हनतील का एकाले जास्त देल्लं.” मग विहीर, बगीचा, बरड, पाळी, सगळं स्टँपपेपरवर उतरलं. सारख्या वाटणीला कारण द्यावं लागत नाही. आकडाच तिचं कारण असतो. रास्त वाटणीला कारण लिहावं लागतं, आणि ते पुढच्या पिढीला वाचता येईल असं लिहावं लागतं. ‘ईक्वल’ आणि ‘इक्विटेबल’ यांतला हा फरक शब्दकोशात सापडत नाही, पण तोच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आता पुन्हा १९५३ कडे येऊ. नागपूर करारातल्या आर्थिक कलमात खरं तर दोन्ही कल्पना होत्या. सगळ्या विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, ही पहिली. पण मराठवाडा निजामाच्या राजवटीतून नुकताच सुटला होता, शाळा, रस्ते, दवाखाने सगळ्याच बाबतींत मागे होता. म्हणून त्याच्या विकासाकडे विशेष लक्ष द्यायचं, ही दुसरी. विदर्भाने स्वतःसाठी असं विशेष काही मागितलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. तेव्हाचा विदर्भ स्वतःला मागासलेला मानत नव्हता. वऱ्हाडचा कापूस, चांद्याचं जंगल, नागपूरचा दगडी कोळसा आणि मँगनीज, शिवाय राजधानीचं शहर. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली, ती हा प्रदेश आपल्या पायांवर उभा राहू शकतो हे पाहूनच. जो बरोबरीने आला आहे तो बरोबरीचा वाटा मागतो. विदर्भाने ‘ईक्वल’ मागितलं, कारण त्या घडीला तो स्वतःला ‘ईक्वल’च समजत होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सचिवालय गेलं, खाती गेली, निर्णय घेणारी माणसं गेली. मागे राहिलं डिसेंबरातलं अधिवेशन. इथूनच एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली. डोई मोजून पैसा देण्याचं तत्त्व कागदावर राहिलं तरी पैसा कामावर लागायला आणखी कितीतरी गोष्टी लागतात: तयार आराखडे, पाटबंधाऱ्यांचे अभियंते, भरलेली पदं, सहकारी संस्थांचं जाळं आणि मंत्रालयात खेटे घालणारा आमदार. जिथे या गोष्टी आधीपासून होत्या तिथे पैसा धावत गेला. जिथे नव्हत्या तिथे तो कागदावर थांबला आणि मार्चअखेर दुसरीकडे वळला. वाटा सारखा ठरूनही हाती सारखं पडलं नाही.

हे ओरडून सांगणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. मोजून दाखवण्याचं काम १९८३ साली नेमलेल्या समितीने केलं. अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. दारिद्र्याच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य घातलं, अशा माणसाला शोभेल अशीच त्यांनी पद्धत घेतली. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीनसुधारणा, पशुवैद्यकीय सेवा अशा बाबी घेतल्या. प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली, त्याची तूट भरायला किती पैसा लागेल ते मांडलं. या तुटीला नाव मिळालं ‘अनुशेष’. विदर्भातल्या शाळकरी पोरालाही आज हा शब्द ठाऊक असतो.

१९८४ च्या त्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून जास्त. लोकसंख्येत विदर्भ तेव्हा राज्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होता. लोकसंख्येच्या मापाने बघितलं तर चौथा हिस्सा देऊन हिशेब मिटला असता. अनुशेषाच्या मापाने तोच हिशेब चाळीस टक्क्यांच्या जवळ गेला. दोन शब्दांतलं अंतर रुपयांत मोजायचं तर ते असं दिसतं.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो आमच्याकडच्या भाषणांत सहसा येत नाही. मराठवाड्याचा अनुशेष ७५०.८५ कोटी, आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी, विदर्भाच्या जवळपास बरोबरीचा. कारण समितीने मोजमापाचा घटक विभाग न धरता जिल्हा धरला होता. सह्याद्रीच्या पलीकडे सगळीकडे ऊस आणि पाट आहेत, हे आमचं चित्र त्या आकड्याने मोडलं. कोकणातले डोंगराळ जिल्हे आणि पावसाच्या छायेतले कोरडे मुलूखही त्याच ‘उर्वरित’ शब्दात आहेत. ‘इक्विटी’ची पट्टी एकदा हातात घेतली की ती आपल्याला हव्या त्या दगडावर थांबत नाही.

पुढचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. अनुच्छेद ३७१ मधली तरतूद अडतीस वर्षं निजून होती. १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि तीन विकास मंडळं स्थापन झाली, त्यांतलं विदर्भाचं नागपुरात. डिसेंबर २००१ पासून राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधिवाटपाचे निर्देश द्यायला सुरुवात केली. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने संतुलित प्रादेशिक विकासावरचा अहवाल २०१३ मध्ये दिला आणि तो डिसेंबर २०१४ मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात मांडला गेला. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.

या साऱ्या काळात वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प वाढतच राहिला. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली तेव्हा अंदाज होता ३७२ कोटींचा. तो पुढे हजारो कोटींत गेला. वाट्याला पैसा आला म्हणजे पाटाला पाणी आलं असं नसतं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी कालव्याची वाट पाहत आपली धानाची पिकं पावसाच्या भरवशावर काढली, आणि धरणाच्या बुडितात गावं गेलेल्यांनी वेगळीच किंमत मोजली. समन्यायाचा हिशेब तिजोरीत पुरा होत नाही. तो शेताच्या धुऱ्यावर पुरा व्हावा लागतो.

समन्यायाला एक जुना धोका आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय त्याची बाजू घेणं अप्रामाणिक ठरेल. सतराव्या शतकात जॉन सेल्डन या इंग्रज कायदेपंडिताने चॅन्सेलरच्या ‘इक्विटी’वर टीका केली होती: ज्या चॅन्सेलरचा जसा विवेक, तसा त्याचा न्याय, म्हणजे लांबी मोजायचं माप म्हणून त्याचं पाऊलच धरल्यासारखं. एकाचं पाऊल लांब, एकाचं आखूड. ‘सारखं’ या शब्दाची हीच तर ताकद आहे की तिथे देणाऱ्याच्या मर्जीला जागा नाही. ज्याच्या हाती वाटप आहे त्याला ‘रास्त’ म्हणण्याची मुभा दिली, की तो आपल्या मतदारसंघालाही रास्त म्हणू शकतो. अनुच्छेद ३७१ मध्येच बघा: समन्यायी वाटपाची तरतूद आहे, पण ती संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन. त्या एका अटीत कुठलंही सरकार आरामात राहू शकतं.

यावर उपाय काय, तर स्टँपपेपरवर लिहिलं गेलं ते. कारण लिहा. नागपूर करारात पैशांच्या कलमालगतच म्हटलं होतं की याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. अनुच्छेद ३७१ मध्येही प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची अट आहे. सह्या करणाऱ्यांना आणि संविधानाला दुरुस्ती करणाऱ्यांना, दोघांनाही हे कळलं होतं. ज्या दिवशी आपण डोई मोजणं सोडून गरज बघायला लागतो, त्या दिवसापासून आपण कारण सांगायला बांधले जातो. गडचिरोलीला जास्त का, सांगा. नागपूरला कमी का, सांगा. दरवर्षी सांगा, सगळ्यांसमोर सांगा. हिशेबाविना समन्याय म्हणजे मेहेरबानी, आणि मेहेरबानी मागायला विदर्भ कधीच उभा नव्हता.

नागपूरकर म्हणून मला १९५६ चं ते शरद ऋतूतलं वळण नेहमी अर्थपूर्ण वाटतं. १ नोव्हेंबरला हे शहर राजधानी राहिलं नाही आणि ३७१ चा खंड लागू झाला. त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आदल्याच वर्षी त्यांनी भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती, आणि पूर्वेकडचं राज्य त्यांत वेगळं होतं. पण मला इथे त्यांची आठवण होते ती संविधानातल्या दोन तरतुदींमुळे. अनुच्छेद १४ म्हणतो, कायद्यापुढे सगळे समान. अनुच्छेद १६ आधी सरकारी नोकरीत समान संधी देतो आणि त्याच्याच चौथ्या खंडात मागास वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची वाट मोकळी करतो. वरवर पाहणाऱ्याला दुसरी तरतूद पहिलीला पडलेला अपवाद वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये केरळच्या एन. एम. थॉमस प्रकरणात ही समजूत बाजूला सारली. राखीव जागांची तरतूद समानतेतून सूट देत नाही, समानतेपर्यंत पोचण्याचा तो मार्गच आहे, असा त्या निकालाचा रोख होता. दीक्षाभूमीवर दरवर्षी येणाऱ्या जनसागरात ज्यांच्या घरातली पहिली सरकारी नोकरी या चौथ्या खंडामुळे आली, त्यांना हे कुणी समजावून द्यावं लागत नाही.

म्हणून ‘ईक्वल’ आणि ‘इक्विटेबल’ यांत एकाची निवड करा, असं मी मुलांना सांगत नाही. समानता हे मुक्कामाचं ठिकाण आहे. ते सोडून दिलं तर समन्याय कुठे निघाला आहे हेच कळणार नाही. माणसाची किंमत मोजताना, मत मोजताना, कायदा लावताना समानतेच्या खाली येण्याची परवानगी कुणालाच नाही. आणि समन्याय म्हणजे त्या ठिकाणी पोचायला कुणाला किती चालावं लागणार आहे, त्याचा हिशेब. जो आधीच जवळ उभा आहे त्याला आणि जो डोंगरापलीकडे आहे त्याला सारखीच शिदोरी बांधून दिली, तर पोचणार एकच.

हा शब्द वर्गात समजावत असताना गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेली एक विद्यार्थिनी उभी राहिली होती. अनुशेष, दांडेकर समिती, तिला सगळं पाठ होतं. तिने विचारलं, “मॅडम, नागपूरले भेटलं म्हनजे आमाले भेटलं काय?” वर्ग शांत झाला. तिच्या गावापासून नागपूरला यायला पूर्ण दिवस जातो. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तिकडची गावं दिवसेंदिवस तुटलेली असतात, बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावं लागतं. इथे मेट्रो धावते, एम्स आहे, मिहान आहे, आणि विदर्भाच्या नावाने आलेल्या प्रत्येक मोठ्या गोष्टीचं पहिला थांबा नागपूरच असतो. मुंबईशी बोलताना आम्ही सगळे विदर्भ असतो; वाटप सुरू झालं की गडचिरोलीतल्या एटापल्लीसारखे, धारणीसारखे आडवळणाचे तालुके पुन्हा लांब जातात. पश्चिमेला अमरावती विभागातले कोरडवाहू कापसाचे जिल्हे सिंचनात नागपूर विभागाच्याही मागे पडले आहेत. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या नावाने आम्ही किती मोर्चे पाहिले, आणि त्याच्या विहिरीपर्यंत किती पोचलं?

त्या मुलीच्या प्रश्नाने या शब्दाची खरी अट उघड केली. ‘सारखं द्या’ ही मागणी माणूस फक्त स्वतःसाठी करू शकतो. तिला शेजाऱ्याकडे पाहण्याची गरज नाही, तराजू पुरतो. ‘रास्त द्या’ म्हणणाऱ्याला तसं करता येत नाही. मागे पडलेल्याला आधी, हे तत्त्व मी मुंबईसमोर मांडलं की तेच तत्त्व गडचिरोली माझ्यासमोर मांडू शकते, आणि मला ते नाकारण्याचा अधिकार उरत नाही. समन्याय हा मागणाऱ्यालाही बांधून टाकणारा शब्द आहे.

करार जाळणाऱ्यांचा राग मला कळतो आणि त्यातला पुष्कळसा खरा आहे. वेगळं राज्य व्हावं की न व्हावं, यावर माणसं प्रामाणिकपणे दोन्हीकडे उभी आहेत. पण राज्य एक राहो वा दोन होवोत, वाटप कुणाला तरी करावंच लागणार, आणि ते नागपुरातून व्हायला लागलं तर हा प्रश्न आणखी जवळ येईल, मिटणार नाही. तेव्हा नागपूरने आतापासूनच एक सवय लावून घ्यावी. डिसेंबरात विधानभवनासमोर मुंबईकडून हिशेब मागताना, विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत कुठे काय पोचलं आणि का पोचलं, याचा आपलाही हिशेब मांडावा. तालुक्यातालुक्याचा मांडावा, कारणांसकट मांडावा, आणि एटापल्लीच्या मुलीला वाचता येईल अशा मराठीत मांडावा. ज्या शहराने सत्तर वर्षं ‘इक्विटेबल’ या शब्दासाठी भांडण केलं, त्याने तो शब्द आधी स्वतःला लावून दाखवला पाहिजे.